‘मालवणी माणूस’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: गाज, वारा आणि माझा एसी

नमस्कार.

‘गावात केलेले सिनेमे वाईट का निघतात’ या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी गोषवारा देतो. कोकणातली पोरं पदरमोड करून, मातीच्या ओढीने सिनेमा करतात. मी एसीत बसून शहाणपणा शिकवतो. मला भरती-ओहोटीसुद्धा कळत नाही. शिवाय, ‘गोष्ट चांगली असली की आवाजबिवाज कोणी बघत नाही, राजा हरिश्चंद्रला तरी कुठे आवाज होता?’

आधी चूक कबूल करतो. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत ‘चारेक तास’ असं मी लिहिलं होतं. ते सव्वासहा तासांच्या आसपास हवं. दुसऱ्या दिवशी भरती साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हेही राहिलं होतं. एकाच पुळणीवर तीन दिवस सकाळी सातलाच कॅमेरा लावलात, तर एकाच प्रसंगात पाण्याची रेघ तीन ठिकाणी दिसते. दुरुस्ती केली आहे, आभार. हे ‘शहाणपणा’ हा शब्द तीनदा न वापरताही सांगता आलं असतं.

एसीबद्दल. मी शूटिंगला आवाज रेकॉर्ड करतो; चौदा वर्षं बूमची, म्हणजे टोकाला माइक लावलेली लांब काठी डोक्यावर धरतोय. शूटिंगच्या घरात एसी असलाच तर तो बंद करा म्हणून सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस मीच असतो. आम्ही फ्रिजसुद्धा बंद करतो, आणि पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यात ठेवतो. तेव्हा एसीचं दुसऱ्या कोणाला तरी सांगा.

आता ‘आवाजबिवाज’. राजा हरिश्चंद्र १९१३ चा. त्याला आवाज नव्हता, म्हणून तो आवाजाशिवाय कळेल असाच रचला होता, आणि जिथे शब्दांवाचून अडेल तिथे पाट्या होत्या. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलला, तेव्हापासून मराठी प्रेक्षक कान घेऊनच थिएटरात येतो. चित्र थोडं काळोखं, थोडं हललेलं असलं तर तो चालवून घेतो. पण संवाद नीट ऐकू आला नाही, की तो शेजारच्याला विचारतो ‘काय म्हणाला?’, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. चांगली गोष्ट, चांगली गोष्ट म्हणता, ती त्याच्यापर्यंत पोचायची कुठून?

पुळणीवरचा साधा प्रसंग घ्या: दोघं बोलताहेत, मागे सूर्यास्त. प्रत्येकाला तो हवाच असतो. दुपारी तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून खारे वारे सुटतात, ते संध्याकाळपर्यंत टिकतात आणि थेट माइकवर येतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असतो, तो पुष्कळ मंद. म्हणून संवाद नऊ-साडेनऊच्या आत उरकायचे आणि सूर्यास्ताला फक्त लांबचे, पाठमोरे, बिनबोलीचे शॉट घ्यायचे. दोन्हीचा उजेड जुळत नाही, हे खरं. त्यावर उपाय लिहितानाच करायचा असतो: बोलणं माडाखाली सावलीत ठेवा आणि नंतर दोघांना पाण्याकडे चालत जाऊ द्या. (सुरूच्या बनात मात्र नको. दिसायला शांत, पण वारा सुटला की सगळं बन सूं सूं करत राहतं.)

वाऱ्यावर माइकच्या पिंजऱ्याला केसाळ आवरण चालतं. गाजेवर, म्हणजे समुद्राच्या अखंड आवाजावर, काही चालत नाही. पंख्याची एकसुरी घरघर सॉफ्टवेअर बरीच काढतं. गाज तशी नसते. ती खर्जापासून फेसाच्या फसफशीपर्यंत पसरलेली असते, चढते, उतरते, आणि माणसाचं बोलणं नेमकं तिच्या मधोमध बसतं. ८० हर्ट्झच्या खालचं, अगदी खर्जातलं, कापलंत तर वाऱ्याची धडधड कमी होईल, गाज तशीच राहील. जोर लावून काढायला गेलात की आधी स, श आणि फ जातात, आणि नट पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

म्हणून बूम तोंडापासून दीड-दोन फुटांवर, वरून खाली रोखलेला. हे अंतर दुप्पट झालं की बोलणं ६ डेसिबलने पडतं. समुद्र मात्र होता तिथेच असतो, गाज तसूभरही पडत नाही. कॅमेरामन म्हणतो ‘फ्रेममध्ये येतंय, वर घे’, आणि त्या एका फुटात प्रसंग जातो.

दुसरी गंमत एडिटिंगला कळते. पहिल्या शॉटमध्ये लाट फुटतेय, दुसऱ्यात ओसरलीय. दर कटला आवाज गचका खातो. त्यासाठी प्रसंग संपल्यावर, कोणीही न बोलता, त्याच जागेवर निदान दोन मिनिटं नुसती गाज रेकॉर्ड करायची आणि ती सगळ्या प्रसंगाखाली अखंड अंथरायची. दोन मिनिटं! तेवढ्यात चहा येतो आणि सगळे बोलायला लागतात.

‘मग डबिंग करू’ असं तुम्ही म्हणाल. करा. पण तुमच्या पोरांच्या सिनेमात निम्मे कलाकार दशावतारातले असतात, आणि ते असावेतच. दशावतारात छापील संवाद नसतो; कथानक ठरलेलं, बोलणं उत्स्फूर्त. असा माणूस एक वाक्य दोनदा सारखं म्हणत नाही. चार महिन्यांनी बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, स्वतःच्याच ओठांशी त्याने जुळवायचं? मग त्याच्या जागी दुसऱ्याचा आवाज येतो, आणि ‘माका’ ‘तुका’ अचूक, पण हेल सदाशिव पेठेतला. मातीसाठी सिनेमा करता ना? मग ती माती जिथे बोलते तिथेच नीट ऐका.

त्यांचा आवाज घेताना एक सांभाळायचं. तालमीत हळू बोलतात आणि टेकला देवळासमोरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज लावतात. तालमीत रेकॉर्डरची पातळी उणे १२ डेसिबलला लावलीत तर टेकमध्ये आवाज फाटणार. उणे २० ला ठेवा. २४ बिटवर रेकॉर्ड केलेला हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

पदरमोडीचं म्हणाल तर त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. कोणी अनुदानासाठी करतो, कोणी नावासाठी, कोणी आजीचं घर पडायच्या आत कुठेतरी राहावं म्हणून. तिघांचाही माइक तेवढाच लांब असतो. तुम्ही मात्र ‘पोटदुखी’ लिहून मोकळे झालात. त्यावर काय बोलणार?

शेवटी तुमच्या पुतण्याची फिल्म. मी लेखात तिचं नावही घेतलं नव्हतं, तुम्ही स्वतःच ओढवून घेतलंत. खरंच पुळणीवरचं बोलणं कळत नसेल, तर त्याला विचारा: रेकॉर्डरमधल्या मूळ वेव्ह फाइल आहेत, की नुसतं एमपी३? मूळ असतील तर लेपल माइकचे, म्हणजे नटांच्या कपड्याला लावलेल्या छोट्या माइकचे, ट्रॅक वेगळे काढायला सांगा. बूम गेला असला तरी त्यात बोलणं बहुधा सापडेल. आणि नुसती गाज घेतली नसेल, तर त्याच जागी, त्याच भरतीला जाऊन घ्या. पण मे संपायच्या आत. जूनमध्ये समुद्र उधाणला की गाज वेगळीच लागते, ती त्या चित्राखाली बसणार नाही.