मेंदूच्या बायपासने माणूस विसरभोळा होतो?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा फिरलेला मेसेज असा: "मानेतली धमनी बांधून मेंदूची बायपास करतात. अर्धा मेंदू उपाशी राहतो, चार वर्षांत स्मरणशक्ती जाते. हे ऑपरेशन 1985 मध्येच निकामी ठरलंय. हार्टच्या बायपासनंतरही डोकं बिघडतंच." माझ्या मामांचं हेच ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी पुण्यात झालं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी 1985. तो अभ्यास खरा आहे, 1377 रुग्णांचा. पण त्यांच्या धमन्या अरुंद झाल्या होत्या किंवा बंद पडल्या होत्या, आणि बायपासने त्यांचा पुढचा पक्षाघात टळला नाही. मामांच्या धमनीला फुगा होता, म्हणजे अन्युरिझम. 25 मिलिमीटरहून मोठा फुगा 'जायंट' धरतात. तो डोळ्याच्या नसांवर दाब आणतो, फुटूही शकतो. तिथे धमनी डॉक्टर स्वतःहून बंद करतात आणि तिचं रक्त दुसऱ्या वाटेने नेतात. दोन वेगळे आजार, आणि मेसेजने ते एकत्र कालवले.

'अर्धा मेंदू उपाशी' हे तर उलटंच आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं कडं असतं, एका बाजूचं रक्त दुसरीकडे पोचवणारं. ते कितपत पुरेल हे धमनीत थोडा वेळ बलून फुगवून आधी तपासतात. पुरणार नसेल तर बायपास. मामांच्या पायातली शीर काढून रक्ताची नवी वाट म्हणून कानापुढून कातडीखालून वर नेली आहे. तिथे बोट ठेवलं की ठोका लागतो. चष्म्याची काडी रुतू नये म्हणून त्यांनी लक्ष्मी रोडवर फ्रेम सैल करून घेतली.

हार्टचं उदाहरण इथे लागूच नाही. हार्टच्या बायपासमध्ये बरेचदा हृदय थांबवून मशीनने रक्त फिरवतात; मेंदूच्या बायपासमध्ये हृदय सहसा चालूच असतं.

आता स्मरणशक्ती. काहींचं डोकं नंतर मंदावतं, हे मी नाकारत नाही. फुगा आधीच फुटलेला असणं, ऑपरेशनच्या वेळी बसलेला पक्षाघाताचा छोटा झटका, जोडलेली शीर बंद पडणं, फिटच्या गोळ्या, नैराश्य, अशी कारणं असतात. त्यातल्या गोळ्या बदलता येतात, नैराश्यावर उपचार होतात. पण सगळं बायपासच्या माथी मारलं की ही कारणं कुणी शोधतच नाही.

मामांची स्मरणशक्तीची चाचणी ऑपरेशनआधी घेतली होती: घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करा. वर्षाने पुन्हा घेतली. दोन्ही कागद मामींनी फाइलला लावलेत. दुसऱ्या घड्याळाचे काटे पहिल्यापेक्षा सरळ आहेत.

ग्रुपवरच्या ज्या काकूंच्या दिरांचं ऑपरेशन ठरलंय, त्यांना माझं कळकळीचं सांगणं: ही चाचणी आधीच मागून घ्या, म्हणजे पुढे तुलना करता येईल. मांडीच्या धमनीतून नळी नेऊन फुग्यापाशी जाळी (स्टेंट) बसवून, बायपासशिवाय भागेल का, हेही विचारा. मामा भेटायला तयार आहेत, संध्याकाळी सहानंतर घरीच असतात.