रिपोर्टला दिवस कधी उजाडतो?

आमच्या ऑफिसात 'आजच्या ऑर्डरी' नावाचा एक रिपोर्ट आहे. पहाटे साडेपाचपर्यंत तो कालचीच तारीख धरून बसतो, कारण सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपण त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. दूधवाला पिशवी टाकून गेला तरी याच्या लेखी बारा वाजलेले नसतात. दुरुस्ती माझ्या गळ्यात पडली. "दोन मिनिटांचं काम आहे," मॅनेजर म्हणाले. (दुसऱ्याने करायचं काम नेहमी दोन मिनिटांचंच असतं.)

क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, तारीख थेट चिकटवायची नाही, पॅरामीटरनेच (प्रश्नात जागा राखून, वेगळी) द्यायची, हे आमचं सोवळं. पण पोस्टग्रेसचे, म्हणजे आमच्या डेटाबेसचे, नखरे बघा. 'टाइमस्टॅम्प' लिहून पुढे अवतरणात तारीख दिली तर मुकाट घेतो. तारखेच्या जागी डॉलर-एक, म्हणजे पॅरामीटरची खूण, ठेवला की सिंटॅक्स एरर, व्याकरणच चुकलं म्हणतो! ती सवलत फक्त लिहून दिलेल्या तारखेला. पॅरामीटरला रीतसर कास्ट करा, म्हणजे ही तारीख-वेळ आहे असं बजावून सांगा. केलं.

आता झोन. शेजारचा नवा पोरगा म्हणाला, "सर, आयएसटी टाका की, इंडियन स्टँडर्ड टाइम." टाकलं. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्राएल! रिपोर्टचा दिवस पहाटे साडेतीनला उजाडायला लागला. मग 'प्लस साडेपाच' दिलं, तर सकाळी अकराला. हे चिन्ह तारखेला चिकटून आलं तर पूर्व, झोन म्हणून एकटंच आलं तर पश्चिम, पोसिक्स नावाच्या मानकाची कृपा. अकाउंट्समधल्या काकांना मात्र ही दुरुस्ती फार आवडली. त्यांचाही दिवस अकरालाच सुरू होतो.

शेवटी पूर्ण नाव दिलं: एशिया/कोलकाता. यादीत मुंबई नाहीच. ज्या मुंबईने देशाच्या घड्याळाला न जुमानता १९५५ पर्यंत स्वतःची, ३९ मिनिटं मागची वेळ चालवली, तिच्या लेकरांनी रोज कोलकात्याला विचारून तारीख बदलायची! पण रिपोर्ट सुधारला.

सुधारला म्हणून न्यू जर्सीच्या ऑफिसलाही तो हवा झालाय. झोनचं नावही पॅरामीटरनेच जातं, तेव्हा एवढं काही अवघड नाही. फक्त तिकडे मार्चमधल्या एका रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून तो २३ तासांचा असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशीची रजा मी आत्ताच टाकून ठेवलीय.