बाल्ताझार आणि मी

चवथीला गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीला कोण काय आणणार, हे ठरवायला केलेल्या घरच्या ग्रुपवर दादाने भलताच वाद काढला. गोव्यातला खोर्जुव्याचा किल्ला म्हटलं की सगळे त्या पुर्तुगेज बाईचं कौतुक का करतात? आपल्यावर बंदूक धरलेली ती!

माझं डोकं फिरलं. मारिया उर्सुला द लेंकास्त्रे. रिओतल्या घरातून पळाली, १७०० साली लिस्बनला पुरुषी वेषात बाल्ताझार म्हणून फौजेत शिरली, गोव्यात आली आणि १७१४ पर्यंत लढली. खोर्जुवे सावंतवाडीकरांकडून घेतलं, त्या लढाईतही ती होती. बाई म्हणून कळल्यावर राजाने तिला पेन्शन दिली. इंग्रजांची हॅना स्नेल अशीच जेम्स ग्रे होऊन १७४८ ला पुदुच्चेरीच्या वेढ्यात लढली. तिलाही लंडनच्या चेल्सीतल्या सैनिकाश्रमाची पेन्शन मिळाली. आणि आपल्याकडे? २०२० साली सरकार सर्वोच्च न्यायालयात सांगत होतं, गावाकडच्या जवानांना बाईचा हुकूम पचणार नाही. इथे इंग्लंडात, स्विंडनला, माझी रात्रपाळी एक बाविशीची पोर चालवते, साठीचे गोरे मुकाट ऐकतात. (इथल्या फौजेनेही बायकांना सगळी कामं २०१८ मध्ये कुठे खुली केली, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

दादाचं उत्तर एका ओळीचं. "तू पुर्तुगेजच गो, तुला ती आपली वाटणारच."

बाबांचा जन्म १९५५ चा, गोव्यात पुर्तुगेजांचं राज्य असतानाचा, म्हणून आमची नावं पुर्तुगेज नागरिक म्हणून लिस्बनच्या नोंदवहीत चढू शकली. मीही चढवलं. म्हापशाच्या एजंटाने भरलेल्या फॉर्मांवर सह्या करताना एकच विचार होता: गोदामातले नऊ तास म्हापशाच्या महिन्याभराच्या पगाराला भारी पडतात. भारतीय पासपोर्ट परत केला, तेव्हा खिडकीतल्या माणसाने त्यावर शिक्का मारला आणि वर पाहिलंही नाही. पोर्तुगीज मला येत नाही. विमानतळावर लाल पासपोर्ट पुढे करताना अजून वाटतं, आता कोणीतरी टोपी काढायला लावणार.

बाल्ताझारलाही चौदा वर्षं असंच वाटत असेल का? तिने निदान लढाई केली. मी बारकोड मारते.

दादाला तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा पुसलं. मग विचारलं, यंदा माटोळीला रानातली कांगलां मिळाली का?

"मिळाली," तो म्हणाला. "फोटो धाडतो."