बारा तासांचा सराव आणि आठ मार्चचं भाषण

ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, पाठोपाठ बदलापूरच्या शाळेत चिमुकल्यांवर अत्याचार. महाराष्ट्रातली चर्चा नेहमीच्याच वाटेने गेली: फाशी द्या, सीसीटीव्ही बसवा, मुलींच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद करा. संताप खरा होता. पण बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत. तो भिंतीवरून उडी मारून येत नाही. तो वर्गातला असतो, प्रोजेक्टच्या ग्रुपमधला असतो, गावाकडचा सीनियर असतो. कॅमेऱ्यात तो तिच्याबरोबर चहा पिताना दिसतो.

इथे कॅनडात, ओंटारियो प्रांतात, सरकारी अनुदानावरच्या प्रत्येक विद्यापीठाला २०१७पासून लैंगिक हिंसेविषयी स्वतंत्र धोरण ठेवावं लागतं. म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. धोरण आलं की त्यामागून ऑनलाइन मॉड्यूल येतं. स्लाइड पुढे सरकवायच्या, शेवटच्या प्रश्नांवर खुणा करायच्या, प्रमाणपत्र घ्यायचं. त्यातून माहिती मिळते, पण ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही.

शब्द फुटायला सराव लागतो. विंडसर विद्यापीठाच्या शार्लीन सेन यांचा कार्यक्रम मला त्यासाठीच मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षाच्या वीसेक मुलींचा गट, तीन-तीन तासांची चार सत्रं, आणि शिकवणाऱ्या तरुणी त्यांच्याहून थोड्याच मोठ्या. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ मुलींवर त्याची चाचणी झाली. साधारण निम्म्या मुलींनी सत्रं केली, उरलेल्यांना माहितीपत्रकं मिळाली. निष्कर्ष २०१५मध्ये आले. पुढच्या वर्षभरात पत्रकं घेतलेल्यांपैकी ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, सत्रं केलेल्यांपैकी ५.२ टक्के. आपल्याकडचं आठ मार्चचं, महिला दिनाचं व्याख्यान म्हणजे ते पत्रकच, फक्त माइकवरून वाचलेलं.

पहिलं सत्र धोका ओळखण्याचं, दुसरं तो स्वतःशी कबूल करण्याचं, तिसरं प्रतिकाराचं, चौथं आपल्याला नात्यातून नेमकं काय हवंय ते बोलण्याचं. सगळ्यात अवघड दुसरं. अनोळखी माणसावर ओरडता येतं. जो रोज डबा शेअर करतो त्याच्यावर संशय घेताना मुलीला आपणच वाईट आहोत असं वाटू लागतं.

मराठीत हा सराव कसा दिसेल? सीनियर म्हणतो, "रूमवर चल, नोट्स देतो." ती म्हणते, "इथेच दे." तो म्हणतो, "विश्वास नाही का माझ्यावर?" इथे बहुतेक जणी अडतात आणि कारण शोधू लागतात. पण कारण दिलं की तो ते खोडून काढतो. "बस चुकेल" म्हटलं की "गाडीवर सोडतो" तयारच. म्हणून उत्तरात कारण द्यायचंच नाही: "मी वर येणार नाही." तेच वाक्य, त्याच आवाजात, तीनदा. जोडीजोडीने मोठ्याने म्हणून घ्यायचं, नुसतं वहीत लिहून घ्यायचं नाही.

सगळा भार मुलींवरच का, हा आक्षेप रास्त आहे. गुन्हा करणाऱ्याचा दोष रेसभरही कमी होत नाही, हे सत्रात आधी सांगावंच लागतं. आणि मुलांना त्या वेळी क्रिकेट खेळायला सोडून चालत नाही. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातून निघालेला बघ्यांसाठीचा कार्यक्रम मुलगे-मुली दोघांनाही शिकवतो, शिकवणारी जोडीही एक पुरुष आणि एक स्त्री. फार्महाउसवरच्या पार्टीत शुद्धीवर नसलेल्या मुलीला कोणी खोलीकडे नेत असेल, तर मारामारी करायची गरज नाही. एकाने त्याला "तुझी गाडी काढ, वाट अडलीय" म्हणून बाहेर न्यायचं, तिच्या मैत्रिणीने तिच्याजवळ बसायचं.

चुका ठरलेल्या आहेत. तीनशे जणांना हॉलमध्ये बसवून वकिलाकडून कलमं वाचून घेणं. कार्यक्रम मार्चमध्ये ठेवणं, म्हणजे नव्या मुलींचे पहिले महिने कोरडेच जातात. तो प्रवेश झाल्यावर सहा आठवड्यांच्या आत हवा. गटात मुलींना स्वतःचे अनुभव सांगायला लावणं, आणि तेही समुपदेशक हजर नसताना.

प्रशिक्षण चांगलं झालं की तक्रारी वाढतात. प्राचार्यांना ती बदनामी वाटते आणि पुढच्या वर्षी कार्यक्रम गुंडाळला जातो. खरं तर आधी दबलेलं आता बोललं जातंय, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती आधीच जागी हवी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५च्या नियमांनुसार प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी असतात, तक्रार करायला तीन महिन्यांची मुदत असते (ती आणखी तीन महिने वाढवता येते), आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवावी लागते. फलकावर निवृत्त मॅडमचा नंबर असेल तर हे सगळं कागदावर राहतं.

पण मुलगी आधी समितीकडे जात नाही. ती रेक्टरबाईंना सांगते, लॅब असिस्टंटला सांगते. त्यांचं पहिलं वाक्य "तू तिथे गेलीसच का?" असं निघालं की तक्रार तिथेच संपते. त्यांनाही दोन तास द्या. "बरं झालं सांगितलंस, आता काय करायचं ते तू ठरव" हे म्हणायला शिकवा. चॅट पुसू नकोस, कपडे धुऊ नकोस, हे हळू आवाजात सांगायला शिकवा. आणि सरकारी असो वा खाजगी, कुठल्याही रुग्णालयाला अशा मुलीवर ताबडतोब मोफत उपचार करावेच लागतात, हे रेक्टरबाईंना रात्री दोन वाजताही तोंडपाठ हवं.