हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे.

अधिवेशन चालू झालं की विधानसभेच्या तारांकित (म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांची यादी वाचायची खोड आहे मला. "हे खरे आहे काय, असल्यास, काय कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय?" आणि उत्तर काय तर "अंशतः खरे आहे. चौकशी सुरू आहे. प्रश्न उद्भवत नाही." संपलं. मग खाली कोणीतरी कमेंट टाकतंच की पूर्वीचे मंत्री कसे धडधडीत उत्तर द्यायचे. कुठले पूर्वीचे राव? जरा १९२०-३० च्या दशकात जाऊन बघा, मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळात. ही टोलवाटोलवी आपल्याला वारशातच मिळालीय.

आता थोडं मागचं सांगतो, कंटाळू नका. कौन्सिलात प्रश्न विचारायचा हक्कच मुळात १८९२ च्या कायद्याने मिळाला, तोही एकदाच विचारा आणि खाली बसा असा, उपप्रश्न नाही. १९०९ ला उपप्रश्न आला पण ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यानेच विचारायचा. १९१९ च्या सुधारणांनंतर कुठल्याही सभासदाला उभं राहून उपप्रश्न टाकता यायला लागला, आणि माझ्या मते खरी गंमत तिथून सुरू होते, कारण लेखी उत्तर खात्यातला कारकून तयार करून देतो पण उपप्रश्नाला साहेबाला स्वतःचं डोकं चालवावं लागतं.

पण त्याच कायद्याने एक भारी मेख मारून ठेवली होती. द्विदल राज्यपद्धती. शिक्षण, आरोग्य, शेती, अबकारी (दारूवरचा कर), नगरपालिका-लोकल बोर्डं ही "सोपीव" खाती, म्हणजे निवडून आलेल्या हिंदी मंत्र्यांकडे. पोलीस, जमीन महसूल आणि मुख्य म्हणजे तिजोरी ही "राखीव", म्हणजे गव्हर्नरच्या एक्झिक्युटिव्ह कौन्सिलरांकडे, जे निवडून आलेले नव्हे तर नेमलेले. ज्याला कौन्सिल जाब विचारू शकतं, पगार कापू शकतं, त्याच्या हातात पैसा नाही, आणि ज्याच्या हातात पैसा आहे त्याला कौन्सिल खुर्चीवरून हलवू शकत नाही. शाळा का नाही काढली असं विचारलं तर मंत्री बिचारा काय सांगणार? रँग्लर परांजपे पहिले शिक्षणमंत्री होते, सीनियर रँग्लर म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आलेला माणूस, १९२३ ला प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून घेतला त्यांनी, पण सक्तीचं शिक्षण द्यायचं तर पैसे मागायला जायचं कुठे, तर राखीव खात्याच्या दारात.

त्यातून शिक्षण आणि अबकारी दोन्ही सोपीव, म्हणजे दारूचं उत्पन्न घटलं की शाळांच्या पैशाची बोंब. १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कौन्सिलात नवीनच आले होते, मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी हिशोबच मांडला: सरकार माणशी शिक्षणावर १४ आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी २ रुपये २ आणे ९ पै गोळा करतं, जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला. आणि शाळेत गेलेल्या १०० पोरांतली १८ च चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ परत निरक्षर. हे बजेटवरचं भाषण होतं, प्रश्नोत्तर नव्हे, पण मला वाटतं "हे खरे आहे काय" पद्धतीच्या ढीगभर प्रश्नांपेक्षा हे आणे-पै भारी होते. आकड्याला "अंशतः खरे" म्हणता येत नाही ना.

आता बॅकबे, म्हणजे दक्षिण मुंबईच्या किनाऱ्यालगतचा समुद्र बुजवायचं प्रकरण. मुंबईकरांनी हे प्रकरण शाळेत शिकायला हवं होतं खरं तर. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२० ला डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उघडलं. दोन मोठी कामं. एक समुद्र बुजवून १,१४५ एकर जमीन काढायची, दुसरं गिरणी कामगारांसाठी चाळी. चाळींचा पैसा शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर लावून. टार्गेट ५०,००० खोल्या, बांधल्या १६,००० च्या आसपास, त्याच आपल्या बीडीडी चाळी, वरळी-नायगाव-डिलाईल रोड-शिवडीच्या. आणि आज ज्या १६० स्क्वेअर फुटांसाठी लोक पुनर्विकासाच्या मीटिंगा भरवतात त्यातल्या कितीतरी खोल्या तेव्हा चक्क रिकाम्या पडून होत्या.

समुद्राचं तर विचारूच नका. ड्रेजरने चिखल उपसायचा आणि भिंतीच्या आत ओतायचा, आणि ती भिंतच गळकी! चिखल परत समुद्रात. आत ओतताय, बाहेर जातोय, बिल मात्र चढतंय. लोकांनी नाव ठेवलं लॉइडचा वेडेपणा. आणि हे खातं राखीव बरं का, म्हणजे पैसा मुंबईकराचा आणि कौन्सिलने फक्त प्रश्न विचारायचे.

मग खुर्शेद नरिमन नावाचा पारशी वकील या खात्याच्या हात धुऊन मागे लागला, कौन्सिलातही आणि बाहेरही. मला इथे एक सांगायचंय, नुसत्या कौन्सिलातल्या उत्तरांवर तो अवलंबून राहिला असता तर काही झालं नसतं. तो पेपरात गेला, सभांमध्ये बोलला, इंजिनिअरांवर जाहीर आरोप केले, त्यातल्या हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटला. १९२६ ला सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, सर ग्रिमवुड मिअर्स अध्यक्ष. योजना आखडती घेतली, १,१४५ एकरांचे जेमतेम ४४० एकर झाले. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की सभागृहात प्रश्न विचारून काय उपयोग, तेव्हा मी म्हणतो सभागृहात विचारून थांबलात तर खरंच उपयोग नाही. सरकारचं उत्तर छापून येतं, कागदावर राहतं, ते हातात घेऊन बाहेर पडायचं असतं.

१९३७ ला द्विदल गेलं, सगळी खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आली, बहाणा संपला. मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. आता मुख्य खुर्चीत कोण बसेल? शहरात बऱ्याच जणांना वाटत होतं नरिमन. नेमले गेले बाळासाहेब खेर. पटेलांनीच आपल्याला डावललं म्हणत नरिमननी सरदारांवर जाहीर नाराजी व्यक्त केली, प्रकरण गांधीजींपर्यंत गेलं, चौकशी झाली, निकाल नरिमनच्या विरुद्ध. खेर चांगलेच माणूस होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही माझी. पण ज्याने सरकारला घाम फोडला त्याला उत्तर देणाऱ्या बाकावर बसलेलं बघायला मला फार आवडलं असतं. त्यानेही "माहिती गोळा करण्याचे काम चालू आहे" म्हणून सांगितलं असतं का, काय माहीत. तुम्हाला काय वाटतं?