नटवलेली अक्षरे कृपया थांबवा

आज सकाळपासून डोके तापलेले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एका भाच्याने स्नेहभेटीचे निमंत्रण टाकले. मजकूर इंग्रजीत आणि पहिल्या शब्दापासून तारीख-वेळेपर्यंत सगळा ठळक, लपेटदार अक्षरांत. साधा मजकूर एखाद्या संकेतस्थळावर टाकायचा आणि तिथून नटवून आणायचा, त्यातला हा प्रकार. गटावर अंगठे आणि वाहवा सुरू झाली. थोड्याच वेळात ताईचा फोन आला. "अगं, यात काय लिहिलंय ते मला वाचून दाखवतेस का? माझा फोन काही बोलतच नाहीये."

ताईची दृष्टी गेली आहे, हे माझ्या यादीतल्या बहुतेकांना ठाऊक आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या आधाराने ती बातम्या, पत्रव्यवहार, बँकेची कामे असे सगळे स्वतः करते आणि कोणाकडून काही वाचून घ्यावे लागणे तिला मुळीच आवडत नाही. फोन गप्प राहिला म्हणून तिने तेच निमंत्रण संगणकावर उघडले, तर तिथे एकेका अक्षराचे पूर्ण नाव ऐकू येऊ लागले: 'मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल एफ', मग 'मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट स्मॉल ए'. 'फॅमिली' हा एक शब्द संपेपर्यंत माणसाचा धीर सुटावा. वेळ आणि ठिकाण येण्याआधीच तिने ते बंद केले.

यात यंत्राचा दोष नाही. ती अक्षरे नाहीतच, ती गणिताची चिन्हे आहेत. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. 2001 साली तिच्या 3.1 या आवृत्तीत ती चिन्हे आली, कारण गणितात आणि भौतिकशास्त्रात वळण बदलले की अर्थ बदलतो. एकाच समीकरणात लपेटदार एच म्हणजे हॅमिल्टोनियन ही ऊर्जेशी संबंधित राशी आणि साधा एच म्हणजे चुंबकीय क्षेत्र असू शकते, आणि दोन्ही एकसारखे छापले तर समीकरणच वेगळे होऊन बसते. म्हणून ठळक, तिरपी, लपेटदार, गॉथिक अशी चिन्हे (आज एकूण 996) एका संचात स्वतंत्रपणे नोंदवली गेली. त्या संचात तिरप्या छोट्या एचची जागा आजही रिकामी आहे, कारण प्लांकचा स्थिरांक या भौतिकशास्त्रातल्या ठरावीक राशीसाठी ते चिन्ह आधीच दुसरीकडे नोंदलेले होते. नटवणारी संकेतस्थळे ते तिथून उचलून आणतात. उलटी दिसणारी अक्षरे बरीचशी उच्चारशास्त्राच्या लिपीतून घेतलेली असतात, वर्तुळातली आणखी कुठून तरी. अभ्यासकांनी इतक्या काळजीने ज्याला त्याला जागा दिली आणि आपण ती चिन्हे निमंत्रणाच्या नक्षीसाठी ओरबाडून आणतो.

मला सर्वांत जास्त याचा राग येतो की मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागते. युनिकोडच्या आधी आपण काय भोगले ते विसरलात का? जुन्या फॉण्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांचा ढिगारा दिसायचा, कारण डोळ्यांना मराठी दिसले तरी आत रोमन अक्षरांचेच क्रमांक असायचे. त्या मजकुरात शोध घेता यायचा नाही, तो नीट क्रमाने लावता यायचा नाही, आणि कोणत्याही यंत्राला तो मराठी म्हणून वाचता यायचा नाही. त्या गोंधळातून बाहेर पडायला आपल्याला वर्षे लागली. ताई तेव्हा मुद्रितशोधन करायची. अशा बिघडलेल्या प्रती समोर घेऊन ओळ न् ओळ जुळवत बसलेली मी तिला पाहिली आहे. बाहेर एक आणि आत दुसरेच, हा नेमका तोच प्रकार आज हौसेने परत आणला जात आहे, आणि या वेळी ताईला तो जुळवून घेण्याचीही सोय नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. भाच्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे मलाही कळते. फेसबुकच्या साध्या पोस्टमध्ये शब्द ठळक करायचे बटण नाही, म्हणून लोक ही वाट धरतात, हेही मान्य. काही नवे स्क्रीन रीडर अशा चिन्हांचे साध्या अक्षरांत रूपांतर करू शकतात, ठीक आहे. पण प्रत्येकाकडे नवी आवृत्ती नसते, आणि आपण शोभेसाठी केलेल्या गोष्टीचा भार दृष्टी नसलेल्या माणसाने का उचलायचा? शिवाय हे केवळ ताईपुरते नाही. त्या निमंत्रणातला कोणताही शब्द साध्या अक्षरांत टाकून मी गटात शोधला, तर ते निमंत्रण सापडत नाही. जुन्या फोनवर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. आणि फसवणूक करणारे लोक अशीच चिन्हे वापरून शब्दांवर नजर ठेवणाऱ्या गाळण्या चुकवतात.

निमंत्रण देखणे करायचे असेल तर अवश्य करा. चित्र करा, त्यात हवी तेवढी लपेटदार अक्षरे काढा आणि खाली तोच मजकूर साधा लिहा. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारांकन दिले की तो ठळक होतो आणि आतली अक्षरे अक्षरेच राहतात. भाच्याला मी दुपारी हे सांगितले. "मावशी, एवढं कोण बघतं?" असे तो म्हणाला. बघणाऱ्यांविषयी मी बोलतच नव्हते. मग मी त्याला ताईला फोन करून तिच्या संगणकावर ते निमंत्रण ऐकायला सांगितले. त्याने पूर्ण ऐकले आणि संध्याकाळी साधा मजकूर टाकला.

तुमच्यापैकी काही जणांनी प्रोफाइलवरचे नावही अशा अक्षरांत लिहिले आहे. तुमची टिप्पणी आली की ती कोणाची, हे ताईला कळत नाही. ते नाव तरी आजच बदला. अडचण आली तर मला विचारा, मी मदत करीन.