व्हायकिंगांचं रक्त आणि साडेचार वेळा वीस

‘नॉर्डिक देशांत एकच वंश, एकच भाषा, एकच धर्म, एकच व्हायकिंग रक्त, म्हणून तिथे एकी’ असा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मला तो तीन गटांतून आला, तिन्हीकडे खाली अंगठेच अंगठे. (नॉर्डिक देश म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलँड.)

आधी भाषा. फिनिश ही स्वीडिशची कुणीच लागत नाही. ती एस्टोनियनची जवळची आणि हंगेरियनची लांबची नातलग. उत्तरेतल्या सामी लोकांच्या भाषाही त्याच घरच्या, आणि डेन्मार्कच्या राज्यातल्या ग्रीनलंडची भाषा तर इन्यूइट कुळातली. उरले डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश आणि आइसलँडिक. यातल्या पहिल्या तिघांना एकमेकांचं छापलेलं बरंचसं कळतं. पण ‘फ्रोकोस्ट’ला या म्हटलं तर नॉर्वेत सकाळी जायचं आणि डेन्मार्कात दुपारी. नव्वदला डॅनिश माणूस ‘हाल्फेम्स’ म्हणतो, मुळात साडेचार वेळा वीस. स्वीडिश माणूस इथे हात टेकतो. (अडीचकी-औटकीच्या पाढ्यांवर वाढलेले आपले आजोबा टेकले नसते.)

व्हायकिंग हा वंश नव्हताच. लुटीला आणि व्यापाराला समुद्रावर निघणाऱ्यांना ते नाव होतं. बाकीची जनता घरी शेती करत होती. संदेशातल्या चित्रातलं शिंगांचं शिरस्त्राण एकोणिसाव्या शतकातल्या नाटकवाल्यांचं.

धर्माचं थोडं मान्य. ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, वारसा पाचही देशांत आहे. तो उत्तर जर्मनीतही आहे, पण हॅम्बुर्गला कुणी नॉर्डिक देशांत धरत नाही.

आणि एकी? डेन्मार्क आणि स्वीडन शतकानुशतकं एकमेकांच्या उरावर होते. १६५८ साली स्वीडनची फौज गोठलेल्या समुद्रावरून चालत डेन्मार्कच्या बेटांवर उतरली आणि रोस्किल्डेच्या तहात स्कोने प्रांत घेऊन गेली. आजही नॉर्वे आणि आइसलँड युरोपीय संघाबाहेर आहेत, आणि युरो फक्त फिनलंडच्या खिशात.

मग यांना जोडतं काय? माझ्या मते, एकमेकांच्या देशात परकं न वाटण्याची सवय, आणि ती कागदावर सह्या करून लावून घेतलेली आहे. १९५२ साली नॉर्डिक परिषद (या देशांच्या खासदारांचं सामाईक मंडळ) आली, १९५४ साली सामाईक श्रमबाजार. परवान्याशिवाय शेजारच्या देशात नोकरी करता येऊ लागली. स्वीडनमधल्या माल्मोत राहायचं, पूल ओलांडून डेन्मार्कच्या कोपनहेगनला कामाला जायचं, हा हजारोंचा रोजचा रस्ता झाला. जानेवारी २०१६ मध्ये स्वीडनने ओळखपत्र सक्तीचं केलं आणि परतीच्या वाटेवर डेन्मार्कच्या बाजूच्या कास्ट्रुप स्थानकात गाडी बदलून तपासणीला उभं राहावं लागलं, तेव्हा लोक वैतागले. परदेशाच्या सीमेवर ओळखपत्र मागितलं म्हणून इतकं कोण चिडतं?

१९८७ पासून भाषा करारही लागू आहे. त्यामुळे फिनिश माणूस स्टॉकहोमच्या सरकारी कचेरीत फिनिशमधून आपलं काम मांडू शकतो. मात्र करारात भाषा पाचच: डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, फिनिश, आइसलँडिक. सामी नाही, ग्रीनलंडिकही नाही.